जादा कामाची मजुरी व तिची वसुली : नाशिक परिसराच्या आधारे एक ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

नोकरी सुटल्यानंतर जुन्या मालकाकडे जादा कामाची थकलेली मजुरी मागणे ही गोष्ट वरवर पाहता साध्या हिशेबाची वाटते. जितके तास अधिक काम झाले असेल तितक्यांना कायद्याने ठरविलेल्या दराने गुणावे, हाती पडलेली रक्कम वजा करावी आणि उरलेली बाकी मागावी, एवढेच ते गणित होय. तथापि भारतातील कामगार कायद्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे गणित क्वचितच गणिताच्या पायरीपर्यंत पोहोचते असे आढळून येते. दराविषयी वाद फारसा होत नाही. वाद होतो तो त्याआधीच्या तीन प्रश्नांवर : मागणारा मनुष्य कायद्याच्या भाषेत 'कामगार' आहे काय, त्याला मिळावयाची रक्कम 'वेतन' आहे काय, आणि जे तास तो सांगतो ते कोणाच्या वहीत लिहिले आहेत.

म्हणजे हा प्रश्न जितका पैशाचा तितकाच शब्दांचा आणि नोंदींचा आहे. या दृष्टीने त्याचा विचार करावयास नाशिक परिसर विशेष सोयीचा आहे. नाशिकरोडला सरकारी मुद्रणालये आहेत. तेथील काम भोंग्यावर, पाळीवर आणि घड्याळावर चालत आले. तेथून जवळच असलेल्या सिन्नरला विडीचा व्यवसाय वाढला. तेथील काम हजार विड्यांच्या हिशेबाने मोजले गेले आणि त्याचा घड्याळाशी संबंध दूरचाच राहिला. एका ठिकाणी वेळ विकला जातो, दुसऱ्या ठिकाणी वस्तू. जादा वेळेच्या मजुरीचा कायदा या दोन्ही ठिकाणी कसा लागू पडला किंवा पडला नाही, हे पाहिले म्हणजे त्या कायद्याचे खरे स्वरूप ध्यानात येते.

२. मजुरीवाचक शब्दांचा पूर्वेतिहास

मराठीत श्रमाच्या मोबदल्याला एक शब्द नाही. अनेक आहेत, आणि ते निरनिराळ्या काळांतून व राज्यव्यवस्थांतून आलेले आहेत. 'वेतन' संस्कृत आहे. 'मजुरी' फारसीतील 'मज्दूर' या शब्दावरून आलेली आहे. 'मुशाहिरा' हा अरबीतील महिनावाचक शब्दापासून सिद्ध झालेला असून त्याचा मूळ अर्थ महिनेवारी नेमणूक असा आहे. सर्वांत रूढ असलेला 'पगार' हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'देणे, फेडणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे. या शब्दाच्या पोटात देणे फेडण्याची कल्पना आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. पगार म्हणजे धन्याची बक्षिसी नव्हे, तर झालेल्या कामाचे अंगावर आलेले देणे, असा अर्थ निदान व्युत्पत्तीत तरी सुरक्षित राहिला आहे.

याच्या विरुद्ध टोकाला 'वेठ' व 'बिगार' हे शब्द येतात. 'वेठ' संस्कृत 'विष्टि' पासून आणि 'बिगार' फारसीतून आलेला. दोहोंचा अर्थ मोबदल्यावाचून करून घेतलेले काम. ठरलेल्या वेळेबाहेर काम करून घ्यावयाचे आणि त्याचे काही द्यावयाचे नाही, या व्यवहाराला मराठीत नवा शब्द बनविण्याची गरज कधी पडली नाही. जुनाच शब्द पुरला.

मजुरी बुडविणे हा अपराध आहे ही कल्पना आपल्याकडे आधुनिक कायद्याबरोबर आली असे मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात, वेतन न देणाऱ्या धन्यास वेतनाच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा सहा पण दंड सांगितला आहे; आणि वेतनाचे देणेच नाकारणाऱ्यास त्याहून जबर. शुक्रनीतीमध्ये वेतनाचे तीन प्रकार केलेले आढळतात : कामाच्या मानाने दिलेले, काळाच्या मानाने दिलेले, आणि काम व काळ दोन्ही धरून दिलेले. हे वर्गीकरण पुढील विवेचनात उपयोगी पडणारे आहे. कारण जादा वेळेची मजुरी ही कल्पना केवळ दुसऱ्या प्रकारातच सहज उभी राहते. पहिल्या प्रकारात वेळ मोजलाच जात नाही. मग जादा वेळ कोणता, हे ठरवावयाचे कशावरून?

३. दिवसाची लांबी आणि कायदा

काळाच्या मानाने मजुरी देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली ती मुंबईच्या कापड गिरण्यांत. आरंभी या गिरण्यांतील कामाचा दिवस सूर्यावर अवलंबून असे. उजाडल्यावर यंत्रे चालू होत व अंधार पडल्यावर थांबत. सन १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचा जो अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला, त्यातील मागण्या या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, कामावर इजा झाल्यास भरपाई, आणि मागील महिन्याची मजुरी पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आठवड्याची सुट्टी सन १८९० मध्ये गिरणीमालकांनी मान्य केली. परंतु वेळेवर मजुरी मिळण्याची मागणी कायद्यात उतरावयास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

या मागण्यांत जादा कामाच्या दराचा उल्लेख नाही, याचे कारण उघड आहे. दिवसाची लांबीच ठरलेली नसेल तर जादा म्हणजे काय हे सांगता येत नाही. १८८१ च्या कायद्याने मुलांच्या कामास मर्यादा घातली आणि १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामास. प्रौढ पुरुषाचा दिवस मोकळाच राहिला. सन १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही नाहीशी झाली. यानंतरच कामाच्या तासांविषयी चौकशी समिती व आयोग नेमले गेले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली, आणि १९२२ मध्ये सर्व कारखान्यांसाठी दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. साठ तासांपलीकडील कामाला निदान सव्वापट दर द्यावा, हे तत्त्वही याच कायद्यात प्रविष्ट झाले. वॉशिंग्टन येथे १९१९ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचा हा परिणाम होता.

पुढील टप्पे थोडक्यात असे : १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याचे तास चौपन्नावर आणले, १९४६ च्या दुरुस्तीने ते अठ्ठेचाळीस झाले, आणि १ एप्रिल १९४९ पासून अंमलात आलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या एकोणसाठाव्या कलमाने दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपलीकडील प्रत्येक तासास दुप्पट दर ठरविला. अशा रीतीने दराचा प्रश्न सुमारे पाव शतकात सुटला. तो दर पदरात पाडून घेण्याचा प्रश्न मात्र निराळा होता, आणि तो वेगळ्या कायद्याकडे गेला.

४. वसुलीचा मार्ग आणि 'वेतन' शब्दाची व्याख्या

१९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या राजकीय कामगार आयोगाने मजुरी उशिरा देणे व तीतून दंड कापणे या दोन्ही रूढींची नोंद घेतली, आणि त्यातून १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम निर्माण झाला. हजाराहून कमी माणसे असलेल्या कारखान्यात महिना संपल्यावर सात दिवसांत, त्याहून मोठ्या कारखान्यात दहा दिवसांत, आणि मालकाने कामावरून कमी केलेल्या माणसास दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत वेतन दिले पाहिजे, असे त्याने सांगितले. बेकायदा कपात झाल्यास नेमलेल्या प्राधिकाऱ्यापुढे अर्ज करण्याची सोय झाली, आणि कापलेल्या रकमेबरोबरच तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार त्या प्राधिकाऱ्यास मिळाला. आरंभी हा कायदा दरमहा दोनशे रुपयांपेक्षा कमी वेतन घेणाऱ्यांपुरता होता. ही मर्यादा वाढत वाढत २०१७ मध्ये चोवीस हजार रुपयांवर गेली.

या कायद्यात दोन अडचणी होत्या. पहिली मुदतीची. अर्ज सहा महिन्यांच्या आत केला पाहिजे अशी मूळ अट होती. १९६४ च्या दुरुस्तीने ती बारा महिन्यांची झाली. नोकरीत असलेला मनुष्य सहसा मालकाविरुद्ध अर्ज करीत नाही. नोकरी टिकविण्यासाठी तो गप्प राहतो आणि ती सुटल्यावर बोलू लागतो. तोपर्यंत त्याच्या जुन्या मागण्यांपैकी बहुतेक मुदतीबाहेर गेलेल्या असतात. मुदत कागदावर सर्वांना सारखीच होती. प्रत्यक्षात ती अनेक वर्षे गप्प राहून काम केलेल्या माणसाविरुद्धच अधिक कडकपणे चालली.

दुसरी अडचण व्याख्येची होती. जादा कामाचा मोबदला हा 'वेतन' या शब्दात येतो की नाही, हे मूळ व्याख्येवरून निःसंदिग्धपणे सांगता येत नव्हते. १९५७ च्या दुरुस्तीने जादा काम, सुट्टीचे दिवस व रजेचा काळ यांबद्दल मिळावयाचा मोबदला वेतनाच्या व्याख्येत स्पष्टपणे घातला. या एका वाक्यखंडाचे महत्त्व मोठे आहे. तोपर्यंत कचेरीच्या भाषेत या रकमेला 'भत्ता' म्हणण्याची रूढी पक्की झालेली होती, आणि 'अतिकालिक भत्ता' हा शब्दप्रयोग आजही सरकारी मराठीत चालतो. 'भत्ता' या शब्दाचा संबंध शिजविलेल्या अन्नाचा वाचक असलेल्या 'भक्त' शब्दाशी जोडला जातो. त्याच्या अर्थच्छटेत मूळ वेतनाहून वेगळे, प्रसंगाने दिलेले, देणाऱ्याच्या सोयीचे असे काहीतरी आहे. भत्ता बंद करता येतो, वेतन थकते. १९५७ च्या दुरुस्तीने जादा कामाचा मोबदला भत्त्याच्या घरातून काढून वेतनाच्या घरात नेला, आणि तो थकला तर त्याला थकबाकी म्हणता येऊ लागले.

कामगारांनी स्वतः या रकमेला दिलेले नाव मात्र दोन्हींहून निराळे आहे. कारखान्यांच्या वस्तीत तिला सरसकट 'ओटी' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांचा हा उच्चार मराठीतील पदराच्या ओटीशी योगायोगाने जुळला आहे. ओटी भरली जाते ती देणाऱ्याच्या हाताने, आणि ती मागून घ्यावयाची नसते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या साम्याला काहीही अर्थ नाही; परंतु मागितल्याशिवाय मिळेल अशी जी अपेक्षा या रकमेबाबत बाळगली जाते, तिच्याशी ते विलक्षण जुळते.

५. नाशिकरोड : घड्याळावरील काम

नाशिकरोड येथे १९२५ मध्ये भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ मध्ये चलार्थपत्र मुद्रणालय सुरू झाले. तोपर्यंत भारताची टपाल तिकिटे लंडनहून छापून येत असत. परिसरात या दोहोंस मिळून 'प्रेस' एवढेच म्हणण्याची पद्धत आहे. येथील कामाचे स्वरूपच असे की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते. किती वाजता आला, किती वाजता गेला आणि किती कागद हाताळला, हे सर्व लिहिले जाते. सरकारी निकड उत्पन्न झाली की या मुद्रणालयांत काम वाढते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्यानंतर येथे सुट्टीच्या दिवशीही छपाई चालू होती, ही अगदी अलीकडील गोष्ट आहे.

अशा ठिकाणी नोंदीचा प्रश्न नाही. मग वादास जागा कोठे राहते? ती राहते व्याख्येत. नाशिकरोडची ही दोन्ही मुद्रणालये २००६ मध्ये स्थापन झालेल्या भारत प्रतिभूती मुद्रण व मुद्रा निर्माण महामंडळाच्या नऊ घटकांपैकी आहेत. या महामंडळातील काही पर्यवेक्षकांनी कारखाने अधिनियमाप्रमाणे दुप्पट दराची मागणी केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली. परंतु एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. हे कर्मचारी त्या काळात सरकारी सेवानियमांखाली होते, सरकारी नोकराचा सर्व वेळ शासनाच्या स्वाधीन असतो, आणि त्या नोकरीचे इतर लाभ घेणाऱ्यास कारखान्यातील कामगाराचे लाभही एकाच वेळी मागता येत नाहीत, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या निर्णयाची दुसरी बाजूही मांडता येण्यासारखी आहे. सेवानियमांत वेतन आयोग, निवृत्तिवेतन व नोकरीची शाश्वती आहे. कारखान्यातील साध्या कामगारास यांपैकी काहीच निश्चित नसते, म्हणून त्याच्यासाठी तासांचा कायदा झाला, हा युक्तिवाद निराधार म्हणता येत नाही. तथापि भाषेच्या दृष्टीने त्यातून निष्पन्न होणारी गोष्ट स्पष्ट आहे. तास झाले होते की नव्हते, हा प्रश्न निर्णायक ठरला नाही. ते तास कोणत्या नावाच्या माणसाने भरले, हा ठरला.

६. सिन्नर : घड्याळाबाहेरील काम

सिन्नर तालुक्यातील विडीकामाची रीत याच्या अगदी उलट. टेंभुर्णीची पाने, तंबाखू व सूत मालकाचे. कात्रीने पान कापणे, भरणे, वळणे व बांधणे हे विडी वळणाऱ्याचे, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे. मजुरी हजार विड्यांमागे. काही काम कारखान्यात बसून होते, काही घरी नेऊन. माल देताना नापसंत विड्या बाजूला काढल्या जातात आणि त्यांचा हिशेब मजुरीत धरला जात नाही. शुक्रनीतीच्या वर्गीकरणात हे निव्वळ पहिल्या प्रकारचे, कामाच्या मानाने दिलेले वेतन होय.

अशा कामगारास तासांचा कायदा लागू होतो काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील विडी कारखान्यांतूनच एका वर्षाच्या आत दोनदा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. दोन्ही वेळा मागणी जादा वेळेची नसून रजेच्या मजुरीची होती. परंतु कारखाने अधिनियमात या दोन्ही हक्कांचे दार एकच होते, आणि ते म्हणजे 'कामगार' या शब्दाची व्याख्या.

पहिले प्रकरण नागपूरचे. तेथील एका विडी कारखान्यातील तीन कामगारांनी पंधरा दिवसांची रजा घेतली. मालकाने त्या दिवसांची मजुरी दिली नाही. वेतन प्रदान अधिनियमाखालील प्राधिकारी असलेल्या न्यायाधीशाने तिघांना मिळून ९० रुपये १४ आणे देवविले. एवढ्या रकमेसाठी मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, यावरूनच प्रश्न रकमेचा नव्हता हे कळून येते. डिसेंबर १९६० मध्ये न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निर्णय दिला. हे लोक हवे तेव्हा येत असले तरी कारखान्याच्या ठरलेल्या वेळेतच काम करीत, त्यांची हजेरी लागे, दुपारनंतर आल्यास त्यांना काम मिळत नसे. म्हणून ते कामगार होत, असे ठरले.

दुसरे प्रकरण शंकर बाळाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे होय. त्याचा निर्णय ऑक्टोबर १९६१ मध्ये लागला, आणि तो उलट लागला. या कारखान्यातील विडी वळणारा केव्हाही येई, केव्हाही जाई. किती विड्या वळावयाच्या याचे बंधन नव्हते. काम करतेवेळी त्यावर देखरेख नव्हती, आणि शेवटी नापसंत विड्या काढणे ही काही देखरेख नव्हे, असे बहुमताने मानले गेले. म्हणून तो कामगार नव्हे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी आपले मत वेगळे नोंदविले.

विडी तीच, पाने तीच, बोटांचे काम तेच. दोन माणसांतील फरक एवढाच की एकाच्या येण्याची नोंद होत होती आणि दुसऱ्याच्या येण्याची नव्हती. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की नोंद ठेवावयाची की नाही, हे कामगार ठरवीत नाही, मालक ठरवितो. म्हणजे ज्याने शिस्त कमी लावली, त्याच्या अंगावर देणेही कमी आले.

या कोंडीतून वाट काढण्याकरिता संसदेने १९६६ चा विडी व सिगार कामगार अधिनियम केला. कारखान्यात बसून काम करणाऱ्या विडी कामगारांस तासांची मर्यादा, जादा तासांस दुप्पट दर व रजा हे हक्क त्याने नावानिशी दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा मुख्यतः वैध ठरविला. घरी काम करणारास कामगार म्हणण्यास त्याने मान्यता दिली खरी. परंतु घरातील तास मोजण्याचा उपाय त्याच्यापाशीही नव्हता. चूल, मूल आणि विडी ही तिन्ही कामे एकाच उंबऱ्याच्या आत चालत असता जादा वेळ कोठे सुरू होतो, हे कोणती वही सांगणार?

७. अथणीचा निर्णय आणि माजी नोकराचा हक्क

व्याख्येची अडचण ओलांडली तरी मुदतीची उरते. तिच्यावरील महत्त्वाचा निर्णय सीमाभागातील अथणी येथून आला. बेळगाव जिल्ह्यातील या गावच्या नगरपालिकेच्या कामगारांनी जादा वेळेच्या व आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाच्या मजुरीची मागणी हुबळीच्या कामगार न्यायालयात केली. त्यांनी वेतन प्रदान अधिनियमाचा मार्ग धरला नाही, किमान वेतन अधिनियमाचाही नाही. औद्योगिक विवाद अधिनियमात १९५६ च्या दुरुस्तीने आलेल्या तेहेतीस-क या कलमाखाली अर्ज केले. या कलमाप्रमाणे कामगाराला मालकाकडून येणे असलेली रक्कम कामगार न्यायालय ठरवू शकत असे, आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई.

नगरपालिकेचे म्हणणे असे की मागण्या जुन्या असून मुदत कायद्याने बाद झालेल्या आहेत. मार्च १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. मुदत कायदा दिवाणी न्यायालयांपुढील अर्जांस लागतो, कामगार न्यायालयास लागत नाही, असे ठरले. तसेच दराविषयी वाद नसेल तर किमान वेतन अधिनियमाचाच मार्ग धरला पाहिजे असेही नाही, हे स्पष्ट झाले. दर सर्वांना मान्य आहे, केवळ तो दिलेला नाही : अशाच प्रकरणांची संख्या अधिक असल्याने या निर्णयाचा उपयोग मोठा झाला.

यानंतर एक शंका उरली. कलमात शब्द 'कामगार' असा आहे. ज्याची नोकरी संपली तो आता कामगार राहिलाच नाही, मग त्याला अर्ज कसा करता येईल? ही शंका केवळ शाब्दिक दिसते, पण ती मान्य झाली असती तर मनुष्यास कामावरून काढणे हाच त्याचे देणे बुडविण्याचा सोपा उपाय ठरला असता. १९७२ मध्ये राष्ट्रीय इमारत बांधकाम महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचे निराकरण केले. नोकरीत असताना उत्पन्न झालेला हक्क नोकरी संपल्याने संपत नाही. माजी कामगारही त्या काळापुरता कामगारच होय. 'माजी' हे विशेषण माणसास लागते, देण्यास लागत नाही, असे या निर्णयाचे सार सांगता येईल.

८. वही कोणाच्या हाती?

एवढे सर्व मार्ग मोकळे झाल्यावरही शेवटचा प्रश्न पुराव्याचा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाच्या वेळांची सूचना लावणे, प्रौढ कामगारांची नोंदवही ठेवणे व सूचनेतील वेळेप्रमाणेच काम घेणे ही बंधने मालकावर घातली. सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावी, असेही सांगितले.  यंत्रे चालू असता कारखान्यात आढळलेला मनुष्य, उलट सिद्ध होईपर्यंत, कामावरच आहे असे मानावे, असे गृहीतकही कायद्यात होते.

परंतु याच कायद्यात एक अंतर्विरोध होता. जादा कामालाही मर्यादा होती. साधारणपणे तीन महिन्यांत पन्नास तास. रोज दोन तास जादा काम करणाऱ्याचे आठवड्यास बारा तास होतात. म्हणजे ही मर्यादा चार आठवड्यांत जवळजवळ संपते. त्यापुढील तास वहीत लिहिणे म्हणजे मालकाने स्वतःच्या हाताने अपराधाची कबुली देणे होय. त्यामुळे ते तास लिहिले जात नाहीत, आणि जेथे कामगाराची पिळवणूक सर्वांत अधिक, तेथेच पुरावा सर्वांत कमी, अशी स्थिती उत्पन्न होते. समजा, एखाद्याची आठ तासांची मजुरी चारशे रुपये आहे. तासाचा दर पन्नास, जादा तासाचा शंभर. महिन्यात पन्नास तास जादा काम झाल्यास पाच हजार रुपये येणे होतात. प्रत्यक्षात एकेरी दराने अडीच हजार हातात ठेवले गेले आणि तेही पगारपत्रकाबाहेर, तर उरलेले अडीच हजार मागताना त्याच्यापाशी कागद कोणता? सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत ठेकेदारामार्फत काम करणारांची अडचण आणखी एका पायरीने वाढते, कारण त्यांना मालक कोण हेच प्रथम सिद्ध करावे लागते. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने ती द्यावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने सांगितले, तेव्हा एवढा प्रश्न निदान तत्त्वतः सुटला.

पुराव्याच्या या बाजूस महत्त्वाचा बदल अलीकडे झाला आहे. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली, आणि १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम व १९४८ चा किमान वेतन अधिनियम तीत विलीन झाले. दुप्पट दर कायम आहे. राजीनामा देणाऱ्यासही दोन कामाच्या दिवसांत वेतन मिळावयाचे आहे. मागणीची मुदत तीन वर्षांची झाली आहे. भरपाईची मर्यादा पूर्वीप्रमाणेच दहा पट आहे. या सर्वांहून अधिक महत्त्वाची तरतूद अशी की वेतन न दिल्याची वा कमी दिल्याची मागणी आल्यास, ते दिले आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे.

ही तरतूद मौलिक आहे. तथापि तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. पैसे दिले की नाही, हे मालकाने सिद्ध करावयाचे. परंतु ते तास झाले होते की नाही, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे, आणि तो वाद मालकाने उपस्थित केला तर कामगारास आपल्यापुरती काही नोंद दाखवावी लागणारच. पाळीचा तक्ता, प्रवेशपत्रावरील वेळ, पगाराच्या चिठ्ठ्या, सोबत काम केलेल्यांची साक्ष, आणि स्वतः दररोज लिहून ठेवलेली वही यांचे मोल यामुळे कमी होत नाही.

९. उपसंहार

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. जादा कामाच्या मजुरीचा दर १९२२ ते १९४८ या काळात ठरला आणि त्यानंतर तो बदललेला नाही. त्यानंतरचा सर्व इतिहास हा दराचा नसून त्या दरापर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा आहे, आणि त्या वाटेवरील प्रत्येक नाक्यावर एकेक शब्द उभा आहे. विडी वळणारा कामगार की नव्हे, जादा कामाचा मोबदला वेतन की भत्ता, नोकरी सुटलेला मनुष्य कामगार राहतो की नाही, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून एक रुपयाही कोणाच्या पदरात पडला नाही. यांपैकी काही शब्दांचे अर्थ कामगारांच्या बाजूने ठरले, ते नागपूरच्या तिघांसारख्या किंवा अथणीच्या नगरपालिकेतील कामगारांसारख्या माणसांनी लहान रकमांसाठी नेटाने अर्ज केल्यामुळे. काही ठरले नाहीत.

नाशिकरोड व सिन्नर यांची तुलना हेच दाखविते. एकीकडे नोंद पूर्ण होती, पण नाव आड आले. दुसरीकडे नोंदच नव्हती, म्हणून नाव मिळाले नाही. 'थकबाकी' या शब्दातील 'बाकी' अरबी आहे आणि 'थकणे' मराठी. मराठीत देणेही थकते आणि माणूसही थकतो. न्यायाची दृष्टी यांपैकी कोण आधी थकतो इकडे असली पाहिजे. पुराव्याचा भार मालकाकडे सरकविणारी नवी तरतूद या दिशेने टाकलेले पाऊल आहे. परंतु जोपर्यंत कामाच्या तासांची नोंद एकट्या मालकाच्या वहीत राहते, तोपर्यंत ते पहिलेच पाऊल म्हटले पाहिजे.